मशीनच्या दिवशीचं तेल

सकाळी सातच्या सुमाराला काकी तेलाची वाटी घेऊन यायच्या. वाटी स्टीलची, एका कडेला चेपलेली. तेल वाडीतल्याच नारळांचं, खोबरं अंगणात वाळवून घाण्यावरून काढून आणलेलं. माझ्या चाकाच्या खुर्चीमागे उभं राहून त्या ते टाळूवर ओतायच्या आणि तळव्याने थापत राहायच्या.

"करंट म्हणजे उष्णता," त्या म्हणायच्या. "आज मशीन हाय ना तुझं? मग डोकं थंड पायजे."

मशीन सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी असायचं. तेलही त्याच तीन दिवशी. बाकीच्या दिवशी नाही, कारण तेल असं वाया घालवायचं नसतं.

मी मूळचा नांदेड जिल्ह्यातला, किनवटच्याही पुढचा. शाळा सातवीत सुटली. वादळ झालं त्या वर्षी इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधली आडवी झालेली झाडं तोडून उचलायला माणसं लागत होती, तेव्हा एका मुकादमाबरोबर अलिबागजवळ नागावला आलो. काम संपल्यावर बाकीचे परत गेले, मी राहिलो. काका-काकी माझे नात्याचे कोणी नव्हेत. वाडी त्यांची, मी कामाचा गडी. समोरच्या दोन खोल्या ते सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना देतात. पडल्यानंतर त्या दोनपैकी एक खोली त्यांनी मला दिली, ऐन हंगामात. त्या खोलीत मी कधी निवांत झोपलो नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की वाटायचं, कुणीतरी खोली मागायला आलं, आणि मी इथे पडून आहे.

पडलो पोफळीवरून. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, बारीक आणि उंच. पायांत दोरीचा वेढा अडकवून वर चढायचं आणि सुपारीचा घड कापायचा. मग खाली न उतरता झाडाला झोका देऊन शेजारच्या झाडाचं खोड धरायचं. सवयीचे गडी असे झाडामागून झाड जातात, जमिनीला पाय लागत नाही. मला हे इथल्याच एका म्हाताऱ्या गड्याने शिकवलं. वादळानंतर मात्र तोच म्हणाला होता, आता मधली झाडं गेली, अंतर वाढलं, आता उतरायचं आणि मगच दुसऱ्यावर चढायचं. त्या दिवशी सहा झाडं मी तसं केलं. सातव्याला कंटाळा केला.

हात पोचला होता. बोटं खोडाला लागली हे मला स्वच्छ आठवतं. त्यानंतर त्या बोटांनी काही धरलं नाही.

मुंबईच्या सरकारी दवाखान्यात मानेचं ऑपरेशन झालं, तिथे काही महिने गेले. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूची दोरी पूर्ण तुटलेली नाही, दबलेली आहे. हे नशीब म्हणायचं की काय, मला तेव्हा कळलं नाही. डावा पाय थोडा हलायचा, उजवा जवळजवळ नाहीच. खांदे थोडे उचलायचे, कोपर अर्धवट वाकायचं, पण हात तोंडापर्यंत पोचायचा नाही. मनगटाच्या पुढे मात्र सगळं परकं होतं. मांडीवर ठेवलेले हात बघितले की वाटायचं, हे कुणीतरी इथे विसरून गेलं आहे.

तिथून काकांनी मला किनवटला न पाठवता परत नागावला आणलं. गावी आई एकटी, वडील नाहीत, घराला चार पायऱ्या आणि आईचे गुडघे गेलेले. ती मला उचलणार कशी? भाऊ तेलंगणात कामाला. फोनवर तो काकांना म्हणाला, "मे महिना संपला की मी येतो आन् घेऊन जातो. तुमच्यावर किती दिवस टाकायचं?" तो चुकीचं काही बोलला नाही. पण त्या फोननंतर मे महिना माझ्या छातीवर येऊन बसला. गावाकडची ती खोली मला माहीत होती. तिला एकच खिडकी आहे, आणि ती भिंतीत वर आहे. खाटेवरून त्यातून काही दिसत नाही.

असं आयुष्य कसं असतं ते सांगू नये, पण थोडं सांगतो. ओठावर माशी बसली की ती उठेपर्यंत वाट बघायची. फुंकर घातली तर ती नाकावर जाते. एकदा काकांनी बाहेरून ते बघितलं, आत आले, माशी उडवली आणि म्हणाले, "काय पैलवान, पाळलीस काय?" मी हसलो. ते गेल्यावर मला इतकं रडू आलं की नाकसुद्धा पुसता आलं नाही, आणि ते वाळेपर्यंत कुणी यायला नको म्हणून मी देवाला विनवत होतो. खिडकीतून वाडीची विहीर दिसायची. कधीकधी वाटायचं, बरं झालं तिथवर मला जाता येत नाही.

जेवण काकी भरवायच्या. आमच्या भागात मासे रोजचे नाहीत, मला काटे काढता यायचे नाहीत, इथे आलो तेव्हापासूनच त्या मला हसायच्या. आता बांगड्याचे काटे काढून, घास बोटांनी दोनदा चाचपून मगच तोंडात द्यायच्या. मग बोंबीलच जास्त आणायला लागल्या, त्याचा काटा मऊ. स्वतःला आवडतात म्हणून आणते, म्हणायच्या. मला माहीत होतं की त्यांना बोंबील आवडत नाही.

अशा बाईला मी नको कसं म्हणणार होतो? ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही, म्हणून तो इथेच ठेवतो.

मशीनचं असं झालं. अलिबागमध्ये एक व्यायामाचं केंद्र आहे, पॅरालिसिसच्या माणसांचं. तिथल्या मॅडम मला आधीपासून हात-पाय चाळवायला शिकवत होत्या. मार्चअखेर त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की मुंबईचे एक डॉक्टर नवीन मशीन घेऊन येणार आहेत, दोन महिन्यांसाठी. ते दर शुक्रवारी लाँचने मांडव्याला उतरून येतील. चिरफाड काही नाही. मानेवर मागून दोन चिकट पट्ट्या लावायच्या, पुढे कमरेच्या हाडांवर दोन, आणि कातडीवरूनच करंट सोडायचा.

"करंटनं बोटं हालतील?" काकांनी विचारलं.

"करंट बोटं हलवत नाही," मॅडम म्हणाल्या. "हुकूम त्याच्याच डोक्यातून यायचा. तो हुकूम मानेपाशी जखमेत जिरतो. करंटमुळे तिथल्या नसा जाग्या राहतात, मग थोडासा हुकूम पलीकडे जाऊ शकतो. पण जोर त्यानेच लावायचा. नुसतं बसून राहिला तर मशीन काही करणार नाही."

काका मान हलवत राहिले. मला मात्र ते लगेच समजलं. वाडीत पंप मंद चालला की पाटाचं पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचत नाही, वाटेतच जिरतं. मातीच आधी भिजलेली असेल तर तेवढंच पाणी पुढे जातं. मी हे बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "हे मी पुढच्या पेशंटला सांगेन." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जगलो.

अट मात्र साफ होती. आठ आठवडे करायचं. हातात फरक दिसला तर पावसाळ्यानंतर पुढचा भाग करणार. नाही दिसला तर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार, कारण वाट बघणारे बरेच. आणि माझ्यात फरक दिसला नाही तर भाऊ घेऊन जाणारच होता. म्हणजे दोन्ही गोष्टी मानेवरच्या त्या दोन पट्ट्यांवर येऊन टेकल्या होत्या.

पहिल्या दिवशी मॅडमनी नियम सांगितले. मानेला तेल, बाम, पावडर काही लावायचं नाही. मी मान हलवली. काकी तेल मानेला लावत नव्हत्या, टाळूवर घालत होत्या. टाळूबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं.

माझ्याबरोबर पेणकडचे एक दादा असायचे. स्वतःचे दोन ट्रक, एक ट्रक खोपोलीच्या घाटात उलटला आणि त्यात मान गेली. वयाने माझ्याहून मोठे, आवाजानेही. मला ते नांदेड म्हणायचे.

"काय रे नांदेड, आज तुझ्याकडं लाईट हाय का न्हाय?"

दुसऱ्या आठवड्यात दादांची करंगळी हलली. तिसऱ्या आठवड्यात अंगठा. मॅडमनी बोटांनी उचलायला गोट्या ठेवल्या होत्या, त्या फार गुळगुळीत होत्या, म्हणून मी काकांना सांगून वाडीतल्या सुक्या सुपाऱ्या नेल्या. वाटीत दहा सुपाऱ्या. एक उचलायची आणि दुसऱ्या वाटीत टाकायची. मी नेलेल्या सुपाऱ्या दादा उचलायला लागले. माझ्यासमोरची वाटी तशीच.

"तुझा सिंगल फेज असल," ते म्हणायचे. "वायरमनला बोलव."

मी हसायचो. जोर लावताना माझ्या मानेच्या शिरा फुगायच्या, डोळ्यांपुढे काजवे यायचे, आणि बोट तिथेच. माझ्या पट्ट्यांच्या कडा सारख्या सुटायच्या. कड सुटली की सगळा करंट उरलेल्या जागेतून जायचा आणि विंचू चावल्यासारखं व्हायचं. मग मॅडमना मशीनवरचा करंटचा आकडा खाली आणावा लागायचा. दादांचा आकडा जिथे होता, त्याच्या निम्म्यावर माझा अडायचा. त्या स्पिरिटच्या कापसाने मान पुसायच्या, कापूस पिवळट व्हायचा, पट्टी परत लावायच्या. अर्ध्या तासात घाम आला की पट्टी परत सुटलेली.

"तेल लावलंय का मानेला?"

"नाही मॅडम. मानेला नाही."

"मग हे चिकट काय आहे?"

"घाम असेल. मला घाम फार येतो."

हे मी एकदा नाही, पाच वेळा म्हणालो. सुरुवातीला मला खरंच वाटत होतं की टाळूचं तेल टाळूवरच राहतं. पण पुढेपुढे केसांमधून मानेवर काहीतरी ओघळतंय हे कळत होतं. कळत होतं आणि मी ते कळून घेत नव्हतो. सांगितलं असतं तर मॅडमनी काकींना फोन केला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मॅडम स्पष्ट बोलतात. काकींना कुणी माझ्यामुळे बोललेलं मला चाललं नसतं. ज्या बाईने स्वतःचं तेल माझ्या डोक्यावर ओतलं, तिला मी सांगायचं की तुमच्यामुळे माझं वाटोळं होतंय? त्यापेक्षा बोटं गेली तरी चालतील, असा एक वेडा विचारसुद्धा मी केला. बोटं काय, आधीच गेलेली होती.

आई रोज संध्याकाळी फोन करायची. काकी फोन माझ्या कानाला धरायच्या.

"जेवलास का?"

"जेवलो."

"बोटं हालायलेत का?"

"थोडी थोडी."

"हालायलेत म्हणायलाय," ती तिकडे कुणाला तरी सांगायची. काकी फोन धरून उभ्या असायच्या आणि दुसरीकडे बघायच्या.

सातव्या आठवड्यात काकींना दिवेआगरला माहेरी जावं लागलं, भाचीच्या साखरपुड्याला. रविवारी गेल्या, गुरुवारी येणार होत्या. तेलाची बाटली कुठे आहे ते त्यांनी काकांना दोनदा दाखवलं. काका हो म्हणाले. सोमवारी सकाळी काकांनी मला मोरीत घेतलं आणि अंगाच्या साबणाने डोक्यापासून पायापर्यंत दोन मिनिटांत धुतलं, बैल धुतात तसं. तेलाची त्यांना आठवणच राहिली नाही. मीही करून दिली नाही.

त्या दिवशी पट्ट्या सुटल्या नाहीत. मॅडमना आश्चर्य वाटलं. आकडा थोडा वर गेला, मग आणखी थोडा. विंचू चावला नाही. नुसत्या मुंग्या, मानेपासून दंडापर्यंत, जशी पंपाच्या पाइपला हात लावल्यावर थरथर लागते तशी. बोट काही हललं नाही, पण तळहातात काहीतरी गरम वाटलं.

बुधवारीही काकांनी तसंच धुतलं. आकडा दादांच्या आकड्याजवळ पोचला. मॅडम म्हणाल्या, "उचल."

मी सुपारीकडे बघितलं आणि जोर लावला. अंगठा सरकला. मला वाटलं टेबल हललं. परत लावला. अंगठा आणि पहिलं बोट दोन बाजूंनी सुपारीला येऊन टेकली, आणि सुपारी वर आली. वाटीच्या काठाएवढी वर. मग पडली.

दादांनी आपली खुर्ची जवळ घेतली. म्हणाले, "परत कर."

मी परत केलं. ती दुसऱ्या वाटीत पडली तेव्हा तिचा आवाज आला. तेवढा छोटा आवाज. मॅडमनी कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता नाक पुसलं.

"आली लाईट," दादा म्हणाले. एवढंच. पुढे चेष्टा केली नाही.

परतताना रिक्षात मला आनंद व्हायला हवा होता. मी हिशोब लावत होतो. सोमवारी तेल नाही, आज तेल नाही. आता आणखी काही समजून घ्यायचं राहिलं नव्हतं. घरी पोचलो तोवर हातपाय गार पडले होते, मला जेवढे कळतात तेवढे.

गुरुवारी काकी आल्या. माझ्यासाठी साखरपुड्यातला लाडू आणला होता. काकांनी त्यांना सुपारीचं सांगितलं. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "चार दिवस तेल न्हाय पडलं, डोकं तापलं असंल. उद्या जरा जास्त घालते."

शुक्रवारी सकाळी त्यांनी जास्त घातलं. आणि मी घालून घेतलं. मला ठाऊक होतं, तरी घालून घेतलं. तोंड उघडलं होतं, पण त्यातून निघालं ते "काकी, लाडू छान होता" एवढंच.

त्या शुक्रवारी डॉक्टर आले. त्यांनी बुधवारचा कागद वाचला आणि मला सुपारी उचलायला सांगितली. पट्ट्या पंधरा मिनिटांत सुटल्या. आकडा खाली आणला. मी जोर लावला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत लावला. सुपारी जागची हलली नाही.

"बुधवारी उचलली असं लिहिलंय," डॉक्टर म्हणाले.

"सर, मी स्वतः पाहिलंय," मॅडम म्हणाल्या.

"मीपण बघितलं," दादा पलीकडून म्हणाले.

"तुम्ही तुमच्या हाताकडे बघा," डॉक्टर त्यांना म्हणाले. मग मॅडमना, हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं, "कधीकधी बोटं आखडतात. आपोआप मिटतात. आपल्याला ते हवं असतं म्हणून आपण त्याला हालचाल म्हणतो."

मॅडमचे कान लाल झाले. माझ्या मानेवरून तेल ओघळत होतं आणि मी गप्प बसून एका भल्या माणसाला खोटं पडू दिलं.

शनिवार-रविवार मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. काकी घास पुढे करायच्या, मी मान फिरवायचो. त्या काकांना म्हणाल्या, "डॉक्टर कायतरी बोलला वाटतं ह्याला." भावाचा फोन आला, तिकीट काढलं म्हणाला. एकच आठवडा उरला होता. मी मनात वाक्यं जुळवत होतो. शाळेत कविता पाठ करायचो तशी पाठ करत होतो. काकी, एक सांगायचं होतं. काकी, रागावू नका. काकी, तेलाचं जरा.

सोमवारी सकाळी त्या वाटी घेऊन आल्या. मागे उभ्या राहिल्या.

"काकी, नको."

"काय नको?"

"तेल."

"गार लागतंय व्हय? थांब, कोमट करून आणते."

आणि त्या गेल्यासुद्धा. मी तिथेच. गॅस पेटल्याचा आवाज आला. एवढं बळ एकवटून बोललेलं वाया गेलं होतं आणि आता ते परत बोलायचं होतं. त्या परत आल्या तेव्हा मी पाठ केलेलं सगळं विसरलो होतो.

"तेलानं पट्ट्या चिकटत नाहीत, काकी. डोक्यावरचं मानेवर येतं. मग करंट नीट बसत नाही. तुम्ही दिवेआगरला होता तेव्हा तेल नव्हतं, तेव्हा सुपारी उचलली."

त्या माझ्या मागे होत्या, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. तेच बरं होतं.

"कवापासून असं?"

"पहिल्यापासून असणार."

"आन् तुला कवा कळलं?"

"बुधवारी. म्हणजे पक्कं बुधवारी. थोडंथोडं आधीपासून."

"म्हंजे शुक्रवारी ठाऊक हुतं."

"हो."

"आन् तरी घालून घेतलंस."

मी मान खाली घातली.

"मी काय तुला खाल्लं असतं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला आणि त्या निघून गेल्या.

रिक्षा नऊला यायची. मी तिथेच बसून होतो, दाराकडे पाठ. वाटलं, झालं. आता ह्या खोलीत राहायचा माझा हक्क संपला. हक्क कधी नव्हताच, पण जे काही होतं ते संपलं. मागे पाणी ओतल्याचा आवाज येत होता, काका काहीतरी विचारत होते. मग खुर्चीला मागून धक्का बसला आणि त्यांनी मला मोरीकडे वळवलं.

मोरीत गरम पाण्याची बादली होती आणि पातेल्यात उकळलेली शिकेकाई. "डोळं मीट," त्या म्हणाल्या. त्यांनी माझं डोकं तीन वेळा धुतलं. शिकेकाईने दोनदा, मग बेसन लावून एकदा. नखांनी खरवडून, मान पुढे दाबून, मागच्या केसांच्या मुळापर्यंत. दुखत होतं. त्यांनी हळू केलं नाही आणि मी सांगितलं नाही. मधेच त्यांचे हात थांबले. मला वाटलं झालं असेल. पण त्या नुसत्या उभ्या होत्या. मग परत पाणी ओतलं.

रिक्षा आली तेव्हा त्या साडी बदलून माझ्या शेजारी बसल्या. ह्याआधी त्या कधी केंद्रावर आल्या नव्हत्या. आत गेल्यावर मॅडम पुढे आल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाल्या, "मॅडम, तेल मी घालत हुते. डोक्यावर. दर मशीनला. ह्याला काय बोलू नका."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी तुला पाच वेळा विचारलं."

"हो मॅडम."

"सरांसमोर मी खोटी पडले."

"हो मॅडम."

त्यांनी कापूस घेतला, स्पिरिट ओतलं, माझी मान पुसली आणि कापूस उजेडात धरून बघितला. पांढरा होता. "मान खाली कर," त्या म्हणाल्या. दादा पलीकडून म्हणाले, "मावशी, घरी उरलं असल तर मला द्या तेल. माझं चालतंय आता, मला काय फरक पडत न्हाय." काकी हसल्या नाहीत, पण त्यांनी दादांकडे वळून बघितलं, आणि मला तेवढ्याने श्वास घेता आला.

त्या आठवड्यात तीन वेळा मशीन झालं. शेवटच्या शुक्रवारी डॉक्टरांसमोर मी दहातल्या तीन सुपाऱ्या उचलल्या. एक दुसऱ्या वाटीत टाकली, दोन वाटेत पडल्या. पकडीचा जोर मोजायला रबरी फुगा दाबायचा असतो, त्याचा काटा थोडासा हलला. मग डॉक्टरांनी करंट बंद करायला सांगितला. "आता उचल." अंगठा आला, बोट आलं, सुपारीला टेकलं आणि सुपारी घरंगळून टेबलाखाली गेली. काकी वाकून ती शोधायला लागल्या.

डॉक्टरांनी मॅडमची माफी मागितली, सगळ्यांसमोर. मग माझा आठ आठवड्यांचा कागद समोर ठेवला. सहा आठवडे सरळ रेघ, मग एक उंचवटा, मग परत सपाट, मग थोडी चढण. म्हणाले, "एवढ्यावर मी काही लिहू शकत नाही. पावसाळ्यानंतर जागा उरली तर तुला पहिल्यापासून घेईन. उरली तर." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना मांडव्याहून दोनची लाँच पकडायची होती.

भाऊ आला. पहिले दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी त्याला वाडी दाखवायला नेलं आणि परत आल्यावर तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत ऱ्हा. मग बघू." काका त्याला काय म्हणाले ते मी विचारलं नाही. आजही विचारायची हिंमत होत नाही. तो जाताना मी दोन्ही तळव्यांत धरून त्याला पाण्याचा पेला द्यायचा प्रयत्न केला. निम्मं त्याच्या पँटवर सांडलं. तो म्हणाला, राहू दे, उन्हात वाळतंय.

पावसाळाभर मी मशीनशिवाय सुपाऱ्या उचलत बसलो. मॅडमनी सांगितलं होतं, सोडू नकोस. काही दिवशी एक उचलायची, काही दिवशी एकही नाही. ज्या दिवशी एकही नाही, त्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला की मी झोपेचं सोंग घ्यायचो. काकी तिला सांगायच्या, निजला हाय. काकींनी मे महिन्यापासून माझ्या डोक्याला तेल लावलं नाही, कुठल्याच दिवशी. मी एकदा म्हणालो, आता मशीन नाही, आता घाला की. त्या म्हणाल्या, "नको बाबा. तू सांगणार न्हायस आन् मला कळणार न्हाय."

परवा मॅडमचा फोन आला. जागा आहे. सोमवारी दहाला या.

मला वाटलं होतं मी ओरडेन. मला घाम फुटला. जागा आहे म्हणजे परत आठ आठवडे, परत तो कागद, आणि ह्या वेळेला रेघ सरळ गेली तर तेलावर ढकलता येणार नाही. तेव्हा कळेल की मातीच कोरडी आहे. ते मला कळून घ्यायचं नव्हतं. काकांना मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "पैलवान, सोमवारला अजून दोन दिवस हायत."

आज रविवार. संध्याकाळी काकींनी शिकेकाई भिजत घातली, मोठ्या पातेल्यात, एका डोक्याला लागते त्याच्या तिप्पट. मग त्यांनी तेलाची बाटली घेतली, स्टुलावर चढल्या आणि ती सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ढकलली.

"इतक्या वर कशाला?" काकांनी विचारलं.

"ह्याचा हात पोचायला नको," काकी म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या हाताकडे.